मोटारगाडीचा इंधन-व्यय : वाढीची कारणे, निदान व उपाय

मोटारगाडीने ठराविक अंतर कापताना खर्ची पडणाऱ्या इंधनाचे प्रमाण म्हणजे तिचा इंधन-व्यय होय. भारतात हे प्रमाण दर लिटरमागे कापल्या जाणाऱ्या किलोमीटरांत (किमी./लि.) सांगण्याची रूढी असून बोलीभाषेत त्याला ‘ॲव्हरेज’ किंवा ‘मायलेज’ म्हणतात. यूरोपात ते १०० किमी. अंतरास लागणाऱ्या लिटरांत सांगतात. प्रस्तुत नोंदीत चार-पाच माणसांच्या कुटुंबाच्या वापरातील, पेट्रोलवर चालणाऱ्या लहान गाडीचाच विचार केला आहे. डीझेल एंजिनाच्या व मालमोटारींच्या बाबतीत निदानाची पद्धत बरीच निराळी असते.

इंधन-व्यय वाढल्याची तक्रार आली की, बहुधा प्रथम एंजिन उघडले जाते. प्लग बदलतात, कार्ब्युरेटर खोलतात, अलीकडच्या गाडीत एखादा महागडा संवेदक बदलतात व एवढे करूनही तक्रार कायम राहते. याचे कारण असे की, इंधन एंजिनात जळत असले, तरी त्याची मागणी बहुतांशी एंजिनाबाहेर ठरते. रस्ता, वेग, टायर, ब्रेक, प्रवासाची लांबी व हवामान या सर्वांचा त्या मागणीत वाटा असतो. शिवाय कित्येकदा इंधन-व्यय वाढलेलाच नसतो, त्याचे मापन चुकलेले असते. त्यामुळे आधी मापन, नंतर वापराची पाहणी, त्यानंतर चाके व ब्रेक आणि सर्वांत शेवटी एंजिन हा तपासणीचा क्रम शास्त्रीय दृष्ट्या योग्य व खर्चाच्या दृष्टीनेही सोयीचा ठरतो.

मापन : टाकी काठोकाठ भरून अंतरमापकावरील आकडा टिपून ठेवणे, गाडी नेहमीप्रमाणे वापरणे, टाकी पुन्हा त्याच पातळीपर्यंत भरणे आणि मधले अंतर दुसऱ्या वेळी भरलेल्या पेट्रोलच्या लिटरांनी भागणे ही घरगुती मापनाची एकमेव विश्वसनीय रीत आहे. इंधनदर्शक काट्यावरून किंवा ठराविक रुपयांचे पेट्रोल किती दिवस पुरले यावरून काढलेला निष्कर्ष निदानास निरुपयोगी असतो. टाकी भरण्याच्या पातळीत दोन वेळी मिळून १ लि. फरक पडणे अगदी शक्य आहे. ८ लि. पेट्रोल भरले असता या फरकाने उत्तरात सु. १२ टक्के चूक येते, तर ३२ लि. भरले असता ती ३ टक्क्यांवर येते. म्हणून टाकी जवळजवळ रिकामी होऊ द्यावी, भरताना तोच पंप व शक्य तर तीच नळी वापरावी, नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईल तेथेच थांबावे आणि लागोपाठ तीन वेळांची सरासरी घ्यावी. पंपाच्या मापाविषयी शंका असल्यास तेथील प्रमाणित ५ लि. मापाने खात्री करून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. या मापात २५ मिलि.पेक्षा अधिक तूट क्षम्य मानली जात नाही. पहाटे थंड वेळी पेट्रोल भरल्यास ते जास्त मिळते, हा समज मात्र सोडून देण्यासारखा आहे. तापमान १०° से. ने बदलले तर पेट्रोलचे आकारमान सु. १ टक्का बदलते हे खरे, परंतु पंपाची टाकी जमिनीखाली असल्याने तिच्यातील पेट्रोलचे तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही.

अंतरमापकही निर्दोष नसतो. तो चाकाचे फेरे मोजतो, त्यामुळे चाकाचा परीघ बदलला की त्याचा हिशेब चुकतो. नव्या टायरावरील नक्षीची खोली ८ मिमी. असून ती झिजून १·६ मिमी. राहिली, तर २८ सेंमी. त्रिज्येच्या चाकाचा परीघ सु. २ टक्क्यांनी घटतो आणि मापक प्रत्यक्षापेक्षा तितके अधिक अंतर दाखवतो. याउलट रुबाबासाठी मोठ्या व्यासाचे टायर बसविले असता मापक कमी अंतर दाखवतो व गाडी एकाएकी ‘खाऊ’ लागल्याचा भास होतो. मैलाच्या दगडांवरून २० किमी. अंतर पडताळून पाहिल्यास हा दोष लक्षात येतो.

किमी./लि. या एककात एक दडलेली गफलत आहे. १,००० किमी. प्रवासात १० किमी./लि. देणारी गाडी १०० लि. पेट्रोल खाते. ती १२ किमी./लि. देऊ लागली, तर सु. १७ लि. वाचतात. परंतु २० किमी./लि. देणारी गाडी २२ देऊ लागली, तर त्याच अंतरात जेमतेम ४·५ लि. वाचतात. आकड्यातील वाढ दोन्हीकडे सारखीच दिसत असली, तरी बचतीत जवळजवळ चौपट अंतर पडते. म्हणून दुरुस्तीवर किती खर्च करावयाचा हे ठरविताना १०० किमी.स लागणाऱ्या लिटरांत हिशेब मांडणे अधिक डोळस ठरते. महिन्याला ८०० किमी. चालणाऱ्या गाडीचा आकडा १५ वरून ११ वर घसरला, तर महिन्याकाठी सु. १९ लि. जादा पेट्रोल लागते. मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाला ही रक्कम किरकोळ नव्हे.

कारखान्याच्या जाहिरातीतील आकड्याशी आपल्या आकड्याची तुलना करून गाडी सदोष ठरवू नये. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या (स्थापना १९६६) संस्थांत हा आकडा स्थिर रुळांवर, ठरवून दिलेल्या वेगक्रमाने, वातानुकूलन बंद ठेवून काढला जातो. तेथे ना खड्डे असतात, ना चढ, ना चौकातील खोळंबा. गाडीची खरी तुलना तिच्या स्वतःच्याच मागील वर्षाच्या आकड्याशी करावी. यासाठी हातमोज्यांच्या कप्प्यात एक वही ठेवणे हे सर्वांत स्वस्त निदान-उपकरण होय.

ऊर्जेचा हिशेब : एक लि. पेट्रोल जळाल्यावर सु. ३२ मेगॅजूल ऊर्जा मिळते. माणसांसह १,०५० किग्रॅ. वस्तुमानाची गाडी सपाट रस्त्यावर ताशी ६० किमी. या स्थिर वेगाने जात असताना टायरांचा लोटणरोध सु. १२५ न्यूटन व हवेचा रोध सु. ११७ न्यूटन असतो. या दोहोंवर मात करण्यासाठी दर किमी.स चाकांपाशी ०·२४ मेगॅजूल कार्य करावे लागते. गाडी या वेगाने १८ किमी./लि. देत असेल, तर दर किमी.स पेट्रोलमधून सु. १·८ मेगॅजूल ऊर्जा पुरविली जाते. म्हणजे पुरविलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम १४ टक्केच चाकांपर्यंत पोहोचते. उरलेली निष्कास वायूंतून व रेडिएटरवाटे निघून जाते किंवा एंजिनातील घर्षण, हवा आत ओढण्याचे श्रम, जनित्र व गिअरपेटी यांत खपते [→ अंतर्ज्वलन-एंजिन].

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वरील गाडीला तो ताशी ८० किमी. वेगास २०७ न्यूटन, तर १०० किमी. वेगास ३२४ न्यूटन होतो. लोटणरोध मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. त्यामुळे १८ किमी./लि. देणारी हीच गाडी ताशी १०० किमी. वेगाने १३-१४ वर येते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाल्यानंतर अनेकांना जुन्या रस्त्यापेक्षा नव्या, अडथळारहित रस्त्यावर गाडी कमी अंतर देते याचे नवल वाटले. त्याचे कारण एवढेच. छतावर सामानाची जाळी कायमची बसविली असता हवेचा रोध रिकाम्या जाळीनेही वाढतो.

वापरातील कारणे : थंड एंजिनाला अधिक समृद्ध (पेट्रोलचे प्रमाण जास्त असलेले) मिश्रण लागते, कारण थंड नलिकांच्या भिंतींवर पेट्रोलचा काही भाग द्रवरूपातच चिकटून राहतो. वंगण तेलही दाट असल्याने घर्षण अधिक असते. एंजिन व तेल पुरते तापण्यास साधारणतः ५ ते १० किमी. धाव लागते. त्यामुळे सकाळी मुलांना ३ किमी.वरील शाळेत सोडणे व संध्याकाळी मंडईत जाऊन येणे एवढाच जिचा दिनक्रम आहे, ती गाडी कधीच पुरती तापत नाही. निवृत्तीनंतर गाडीचे ‘ॲव्हरेज’ एकाएकी घसरल्याची तक्रार करणाऱ्या मालकाच्या गाडीत बहुधा काहीच बिघडलेले नसते, बदललेला असतो तो त्याचा प्रवास. दोन-तीन कामे एका फेरीत उरकणे हा यावरील उपाय कोणत्याही दुरुस्तीपेक्षा अधिक परिणामकारक आहे. सकाळी गाडी जागेवर दहा मिनिटे गरम करीत ठेवण्याची सवयही निष्कारण खर्चाची आहे. अर्ध्या मिनिटाने निघून पहिले एक-दोन किमी. सावकाश चालविल्यास एंजिन अधिक लवकर तापते.

एंजिन जागेवर चालू ठेवल्यास लहान गाडी तासाला ०·६ ते १ लि. पेट्रोल जाळते. रोज दहा मिनिटे सिग्नलपाशी जात असतील, तर महिन्याला ३ ते ५ लि. पेट्रोल एक मीटरही न सरकता संपते. वातानुकूलन यंत्राचा भार शहरातील मंद वेगात सर्वाधिक जाणवतो, कारण तेव्हा गाडी हलविण्यास लागणारी शक्ती मुळातच थोडी असते.

घाट उतरताना गिअर काढून गाडी मोकळी सोडण्याची जुनी प्रथा बोरघाटात व कसारा घाटात अजून आढळते. कार्ब्युरेटरच्या गाडीत तिने थोडे पेट्रोल वाचत असे. परंतु इंधन-अंतःक्षेपणाच्या गाडीत गिअर घातलेला असून प्रवेगक पट्टीवरचा पाय काढला की, पेट्रोलचा पुरवठा पूर्ण तोडला जातो. उलट गिअर काढल्यास एंजिन चालू राहावे म्हणून पेट्रोल द्यावेच लागते. म्हणजे आज या प्रथेने पेट्रोल वाचत नाही, वर ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका मात्र पूर्वीइतकाच आहे.

टायर व ब्रेक : टायरांतील हवेच्या दाबाविषयी बराच उपदेश केला जातो व तो योग्यही आहे. परंतु त्याचा इंधन-व्ययावरील परिणाम लोक समजतात तितका मोठा नाही. सर्व टायरांतील दाब सरासरी दर चौ. इंचास १ पौंड घटल्यास इंधन-व्यय सु. ०·२ टक्का वाढतो. दाब ३० ऐवजी २३ झाला, तरी ही वाढ दीड टक्क्याच्या आसपासच राहते. टायरांची झीज व फुटण्याचा धोका यांसाठी दाब राखणे अगत्याचे आहे. मात्र १५ चे ११ झाल्याचे खापर केवळ दाबावर फोडता येत नाही. दाब नेहमी टायर थंड असताना मोजावा. पुढील चाकांची दिशा-जुळवणी बिघडली असल्यास टायर किंचित तिरपे फरफटतात. नक्षीवरून हात एका दिशेने फिरविल्यास गुळगुळीत व उलट दिशेने फिरविल्यास करवतीसारखी धार लागणे ही त्याची खूण होय.

वारंवार निसटणारा दोष म्हणजे ब्रेक सोडल्यानंतरही तो घासत राहणे. चाकाच्या कडेशी केवळ ३० न्यूटन, म्हणजे सु. ३ किग्रॅ. वजनाइतका रोध राहिला, तर वरील गाडीच्या एकूण रोधात १२ टक्के भर पडते. वाढीव भारापुरती एंजिनाची कार्यक्षमता ३० टक्के धरली, तरी अशा एका चाकामागे इंधन-व्यय ५ ते ६ टक्के वाढतो. दोन चाके घासत असल्यास १२ टक्क्यांपर्यंत पेट्रोल यात जाते आणि चालकाला गाडी ओढत असल्याची जाणीवही होत नाही. ताशी ६० किमी. वेगास ३० न्यूटन रोधाने ५०० वॉट उष्णता निर्माण होते, म्हणजे कपड्यांच्या लहान इस्तरीइतकी. यावरूनच परीक्षेची सोपी रीत मिळते. मोकळ्या रस्त्यावर १० किमी. जाऊन, शेवटी ब्रेक शक्य तितका कमी वापरून थांबावे व चारही चाकांच्या मध्याजवळ हात नेऊन पाहावे. एखादे चाक इतरांहून स्पष्टपणे गरम लागले, तर दोष तेथे आहे. खातरजमेसाठी गाडी समतल जागी जॅकवर भक्कम आधाराने उचलून, गिअर काढून चाक हाताने फिरवावे. एंजिनाशी जोडलेली चाके गिअरपेटीमुळे थोडी जड फिरतात, हे लक्षात ठेवून डाव्या व उजव्या चाकाची आपापसांत तुलना करावी.

ब्रेक घासण्याची कारणे अनेक आहेत. हातब्रेकची तार फाजील ताणलेली किंवा गंजून अडकलेली असणे, तबकडी-ब्रेकच्या पकडीच्या सरकत्या खिळी गंजणे, ढोल-ब्रेकच्या सिलिंडरातील दट्ट्या आखडणे, ब्रेकच्या पायपट्टीला मोकळी चाल न ठेवल्याने मुख्य सिलिंडराचे परतीचे छिद्र झाकले जाणे व रबरी नळी आतून फुगणे ही त्यांपैकी नेहमीची होत. कोकणात व किनारपट्टीवर पावसाळ्यानंतर हा दोष विशेष आढळतो. पावसात आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीचा हातब्रेक ओढून न ठेवता पहिला गिअर घालून व चाकाला उटी लावून ठेवणे त्यामुळेच हिताचे असते.

थर्मोस्टॅट : एंजिनातील पाणी ठराविक तापमानास, बहुधा ८० ते ९० से. च्या दरम्यान, पोचेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेला थर्मोस्टॅट म्हणतात. आपला देश उष्ण असल्याने येथे या झडपेची गरज नाही, अशी समजूत भारतीय कारागिरांत पिढ्यान्‌पिढ्या रुजली आहे. गाडी एकदा जरी तापली, तरी पहिला उपाय म्हणून ती काढून टाकली जाते. हा उपाय चुकीचा आहे. सभोवतालचे तापमान ३५° से. असले, तरी ते एंजिनाला हव्या असलेल्या तापमानापेक्षा सु. ५०° नी कमीच असते. झडप नसलेल्या गाडीचे पाणी महामार्गावर ६० से. च्या आसपास रेंगाळू शकते. मग कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचे बाष्पीभवन अपुरे होते. अंतःक्षेपणाच्या गाडीत तर तापमान-संवेदक ‘एंजिन अजून थंड आहे’ असाच निरोप देत राहतो व नियंत्रक त्याप्रमाणे जास्त पेट्रोल सोडतो. जास्तीचे पेट्रोल सिलिंडराच्या भिंतीवरील तेल धुऊन काढते, तळाच्या तेलात मिसळून त्याला पातळ करते आणि एंजिनाची झीज वाढविते. म्हणजे येथे नुकसान केवळ पेट्रोलचे होत नाही. थंड गाडी सुरू केल्यावर लगेचच रेडिएटरची वरची नळी कोमट लागू लागली, तर झडप उघडी अडकली आहे किंवा काढून टाकली आहे, असे समजावे. निरोगी गाडीत ही नळी बराच वेळ थंड राहते व मग थोड्याच वेळात एकदम गरम होते. झडप स्वस्त असते व ती बदलण्यास तासाभरापेक्षा अधिक वेळ लागत नाही.

प्रज्वलन : चारपैकी एका सिलिंडरात ठिणगी पडली नाही, तर एकचतुर्थांश पेट्रोल न जळता बाहेर पडते. असा दोष एंजिनाच्या थरथरीवरून लगेच कळतो. अधूनमधून चुकणारी ठिणगी मात्र फसवी असते. प्लग काढून त्यांच्या टोकांचा रंग पाहणे ही जुनी परीक्षा आजही उपयुक्त आहे. फिकट तपकिरी किंवा करडा रंग योग्य ज्वलन दर्शवितो. कोरडी काजळी समृद्ध मिश्रणाची, तर ओलसर काळे तेल झिजलेल्या कड्यांचे किंवा झडपांच्या मार्गदर्शकांचे निदर्शक असते. सर्व प्लग सारखेच काळे असल्यास दोष सर्वसाधारण मिश्रणात शोधावा, एकच काळा असल्यास त्याच सिलिंडरात.

जुन्या गाड्यांत ठिणगीची वेळ वितरकावर अवलंबून असे. त्यातील निर्वात-पटल फाटल्यास कमी भारावर ठिणगी वेळेआधी पडण्याची सोय नष्ट होते. गाडी ओढण्यात कमी पडत नाही, पेट्रोल मात्र अधिक लागते. पटलाची नळी काढून तोंडाने ओढून पाहिल्यास ओढ टिकते की नाही यावरून हा दोष क्षणात कळतो. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या १,०८९ घ. सेंमी. एंजिनाच्या ‘पद्मिनी’ गाड्या आजही काही हौशी मालक जपून आहेत व त्यांच्यासाठी ही परीक्षा उपयोगी आहे.

मिश्रण : एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने १४·७ भाग हवा लागते. कार्ब्युरेटरमध्ये हे प्रमाण छिद्रांच्या मापांवर व तरंडपात्रातील पेट्रोलच्या पातळीवर अवलंबून असते. सुई-झडप झिजणे, तरंडाला चीर पडून त्यात पेट्रोल शिरणे, तारेने खरवडून साफ केल्यामुळे छिद्र मोठे होणे व चोकची पट्टी पूर्ण न उघडणे हे नेहमीचे दोष होत. यांपैकी चोक सर्वप्रथम पाहावा, कारण त्यासाठी हवा-गाळणीचे झाकण काढण्यापलीकडे काही करावे लागत नाही. लहान छिद्र बसवून पेट्रोल वाचविण्याचा प्रकार पूर्वी टॅक्सीचालकांत प्रचलित होता. मिश्रण फाजील विरळ झाल्याने निष्कास-झडपा जळत व वाचविलेले पेट्रोल दुरुस्तीत जाई.

‘मारुती ८००’ या गाडीत २००० मध्ये अंतःक्षेपण आले व त्या दशकात कार्ब्युरेटर नव्या गाड्यांतून नाहीसा झाला. अंतःक्षेपणात निष्कास-नळीतील ऑक्सिजन-संवेदकाच्या संदेशानुसार पेट्रोलचे प्रमाण सतत सुधारले जाते. हा संवेदक सु. ३०० से. च्या वर तापल्यावर काम करू लागतो आणि त्याचे विद्युत्‌ दाब ०·१ ते ०·९ व्होल्ट यांदरम्यान वरखाली होत राहते. ते एकाच मूल्यावर स्थिरावल्यास किंवा फार सावकाश बदलत असल्यास संवेदक, त्याची तार किंवा निष्कास-नळीची गळती तपासावी. डॅशबोर्डखालील निदान-जोडणीतून संवेदकांची मूल्ये व नियंत्रकाने केलेली इंधन-दुरुस्ती टक्केवारीत वाचता येते. ही दुरुस्ती सतत उणे १० टक्क्यांपलीकडे असल्यास एंजिनात कोठून तरी जादा पेट्रोल येत आहे, असा निष्कर्ष निघतो. गळका अंतःक्षेपक, पेट्रोलचा वाढलेला दाब किंवा टाकीतील बाष्प शोषणाऱ्या कोळशाच्या डबीची उघडी राहिलेली झडप यांपैकी काहीतरी कारण असते. अधिक १० टक्क्यांपलीकडे असल्यास अनधिकृत वाटेने हवा शिरत असते किंवा पेट्रोलचा दाब घटलेला असतो. दुरुस्ती शून्याच्या जवळ असूनही गाडी जास्त पेट्रोल खात असेल, तर मिश्रण निर्दोष आहे व दोष एंजिनाबाहेर आहे. हा निष्कर्ष फार मोलाचा असूनही तो काढण्याऐवजी संवेदकच बदलला जातो.

हवा-गाळणी तुंबल्याने पेट्रोल अधिक लागते, हे विधान कार्ब्युरेटरच्या गाडीपुरते खरे होते. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये केलेल्या चाचण्यांत अंतःक्षेपणाच्या गाड्यांचा इंधन-व्यय तुंबलेल्या गाळणीने लक्षणीय वाढला नाही, केवळ वेग घेण्याची क्षमता घटली. धूळ रोखण्यासाठी गाळणी वेळेवर बदलावीच, पण त्यातून पेट्रोल वाचेल ही अपेक्षा ठेवू नये.

मिश्रण दीर्घकाळ समृद्ध राहिल्यास किंवा ठिणगी चुकत राहिल्यास न जळलेले पेट्रोल उत्प्रेरकी परिवर्तकात जाऊन जळते आणि त्याचा गाभा वितळतो. भारतात चार महानगरांतील नव्या पेट्रोल गाड्यांना १९९५ पासून परिवर्तक सक्तीचे झाले. त्यात प्लॅटिनम गटातील धातू असल्याने त्याची किंमत भारी असते. म्हणून एंजिनाचा इशारादर्शक दिवा लुकलुकत असताना गाडी रेटत नेणे, हे वाया जाणाऱ्या पेट्रोलहून कितीतरी महाग पडते.

एंजिनाची झीज : सिलिंडरांतील संपीडनाचे मोजमाप करून पाहावे. त्यांच्यात १०-१५ टक्क्यांहून अधिक फरक नसावा. झडपांचे अंतर, कडी व झडपांची बैठक ही या फरकाची स्थाने होत. निसटणारा क्लच चढावर वरच्या गिअरात कळतो, कारण त्यात एंजिनाचे फेरे वाढतात, पण गाडीचा वेग वाढत नाही.

इंधन : ऊसमळी व उसाचा रस यांपासून मिळणारे एथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्यास भारतात २००३ पासून काही राज्यांत प्रारंभ झाला व त्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. मिश्रणाचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर व २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. एक लि. एथेनॉलातून सु. २१ मेगॅजूल ऊर्जा मिळते, म्हणजे पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. त्या हिशेबाने २० टक्के मिश्रणाच्या एका लिटरात शुद्ध पेट्रोलपेक्षा सु. ७ टक्के आणि १० टक्के मिश्रणापेक्षा सु. ३·५ टक्के ऊर्जा कमी असते. या काळात आकड्यात एवढी घट आढळली, तर ती गाडीचा दोष मानू नये व ती दुरुस्तीने भरून निघण्याची अपेक्षाही करू नये. घट याहून मोठी असल्यास कारण अन्यत्र शोधावे. एथेनॉलासाठी न बनविलेल्या जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व पटले मात्र त्याने खराब होतात, म्हणून त्या दरवर्षी तपासून वेळीच बदलाव्यात. दर सेकंदाला एक थेंब गळत राहिल्यास दिवसाला दोन लिटरांच्या आसपास पेट्रोल जाते. पेट्रोलचा वास येत असल्यास इंधन-व्ययाचा विचार बाजूला ठेवून प्रथम गळती शोधावी, कारण येथे प्रश्न आगीचा असतो.

इंधन-बचतीची साधने : पेट्रोलच्या नळीवर बसविण्याची चुंबके, टाकीत टाकण्याच्या गोळ्या, हवेला भोवरा देणारी पाती अशी साधने बाजारात येत असतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशा शंभरांहून अधिक साधनांची परीक्षा केली असता बहुसंख्यांचा काहीच उपयोग आढळला नाही. असे साधन बसविल्यावर प्रारंभी आकडा सुधारल्याचे मालक प्रामाणिकपणे सांगतो, कारण पैसे खर्च केल्यावर तो काही दिवस गाडी जपून चालवितो व टाकीही काळजीपूर्वक भरतो.

दुरुस्तीनंतरची पडताळणी : एका वेळी एकच दुरुस्ती करावी आणि तिच्यानंतर पुन्हा तीन वेळा टाकी भरून आकडा काढावा. एकाच दिवशी प्लग, संवेदक व ब्रेक बदलल्यास कोणत्या कामाने फरक पडला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी तेच सर्व काम पुन्हा केले जाते. अंतःक्षेपणाच्या गाडीत बॅटरी काढून लावल्यास नियंत्रकाने साठविलेली इंधन-दुरुस्ती पुसली जाते व ती नव्याने जमण्यास काही दिवसांचा प्रवास लागतो. त्यामुळे कारखान्यातून गाडी आणल्यानंतरची पहिली टाकी हिशेबात धरू नये. पावसाळ्यातील आकड्याची तुलना मागील पावसाळ्याशीच करावी, कारण ओल्या रस्त्यावर टायरांना पाणी बाजूला सारावे लागते, काचा धुकटू नयेत म्हणून वातानुकूलन चालू ठेवावे लागते व वाहतूकही मंदावते.